खंडू मध्येच बोलतो

"फणस कुणी खाल्ला?"

आमच्या दिग्दर्शिकेचा, सायलीचा आवाज आंबोलीच्या त्या वळणावरून दरीत गेला आणि परत आला. सगळं युनिट थबकलं. लाइटवाले, मेकअपवाला, चहाचं पिंप घेऊन निघालेला माणूस, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी टेंपोच्या हौद्यात शिलाई मशीनला टेकून बसलो होतो. मला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या चिकटवलेल्या मिशीत फणसाचा एक तंतू लोंबत होता.

"कापो होतो ओ," लवू मेस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "बरको आसतो तर बोट पण लावलां नसतां."

"अरे, तो शेवटच्या सीनसाठी ठेवला होता!"

"शेवटचो सीन परवा. परवापर्यंत तो कुजलो नसतो? मी उलट त्याचा सोना केलंय." आणि त्याने शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेले दोन गरे काढून माझ्यापुढे धरले. "घ्या. तुमच्यासाठी ठेवलंय."

आता काय बोलायचं या माणसाशी?

आजही मी भाजी आणायला बाहेर पडलो की कुणीतरी हमखास हटकतं, "मास्तर, खंडू कुठाय?" सिनेमा जुना झाला, पण लोकांच्या डोक्यातून खंडू जात नाही. कथा अगदी साधी होती. एक निवृत्त हेडमास्तर बायको गेल्यावर तिचं शिलाई मशीन टेंपोत घालून कोकणात मुलीकडे निघतो. बायको गेली त्या दिवसापासून मुलीशी त्याचं बोलणं नाही. वाटेत एक माणूस फणस घेऊन टेंपोत चढतो आणि काही केल्या उतरत नाही. गातो, खातो, घोरतो, मास्तरांच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसतो, आणि प्रत्येक गोष्टीवर विचारतो, "मगे?" तो खंडू. हेडमास्तर मी, म्हणजे सदानंद टिपणीस, मुक्काम ठाणे, जन्म नाटकात गेला. आणि खंडू म्हणजे लवू मेस्त्री, दशावतारातला माणूस. गावोगावच्या जत्रांमधून त्याने राजे केले होते, राक्षस केले होते, साडी नेसून राण्याही केल्या होत्या. कॅमेऱ्यापुढे तो पहिल्यांदाच उभा राहत होता, पण त्याचं त्याला काडीचं दडपण नव्हतं.

दडपण मला होतं. ते का होतं, हे मी युनिटमधल्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

शूटिंगच्या दोन वर्षं आधी सांगलीला प्रयोग होता. नाटक शंभरदा केलेलं, झोपेत उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. दुसऱ्या अंकात मी खुर्चीतून उठलो, तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य नव्हतं. आठवत नव्हतं असं नाही, नव्हतंच. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडत होता, त्याचे ओठ हलताना मला दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. पहिल्या रांगेतली एक बाई माझ्याकडे बघून हळहळली. ते तोंड मी अजून विसरलेलो नाही. शेवटी पडदा टाकला. लोक शिट्ट्या मारत नव्हते, ते चुपचाप उठून गेले, आणि ते फार वाईट होतं.

त्यानंतर मी घरी बसलो. विचारणाऱ्यांना सांगायचो, गुडघे दुखतात. मग एक दिवस सायली मोकाशी आली. आईच्या मांडीवर बसून माझी नाटकं बघितलेली पोर, आता पहिला सिनेमा करत होती. म्हणाली, "सदाकाका, मास्तर तुम्हीच. आणि नाटक नाहीये हे, चुकलं तर परत घेता येतं." मी हो म्हणालो. पण मनाशी एक गाठ मारली. इथेही एकदा जरी तसं झालं, एकदा जरी माझ्यामुळे सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिले, की मी तोंडाचा रंग पुसायचा तो कायमचा.

त्यामुळे मला शांतता हवी होती, आणि माझ्या वाट्याला लवू आला.

हॉटेलात आमची एकच खोली. हा माणूस कोंबड्याच्या आधी उठायचा आणि खिडकीशी उभा राहून गणपतीचं गाणं खड्या आवाजात म्हणायचा. माझा साबण वापरायचा आणि वर सांगायचा, "वास बरो आसा, पण फेस नाय." माझ्या बायकोचा फोन आला की मागून ओरडायचा, "वैनी, काळजी करू नकात, जेवतत बरे!" तिला तो भलताच आवडला होता. आणि रोज सकाळी त्याचं एक ठरलेलं रडगाणं असायचं. माझ्या खाटेवर येऊन बसायचा आणि शर्ट चाचपायचा.

"टिपणीसांनू, माझो चष्मो खय गेलो कोण जाणे. आजचे कागद जरा वाचून दाखवा मां."

"काल पण हरवला होता."

"काल मिळालो. आज परत गेलो."

मग मी वाचून दाखवायचो. त्याची वाक्यं वाचून झाली की हा म्हणायचा, "आता तुमची." मी म्हणायचो, माझी कशाला? तर म्हणे, "तुमी काय बोलतास ता कळल्याशिवाय मी खय तोंड घालू?" तोंड घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरं. मी माझी वाक्यं म्हणायचो, तो मांडी घालून ऐकायचा, "परत एकदा" म्हणायचा, मी परत म्हणायचो. एवढा अभ्यास करून घेऊन सेटवर गेला की कागदावरचं एक वाक्य धड बोलेल तर शपथ.

"लवू, अरे लिहिलंय ते बोल ना," एकदा मी न राहवून म्हणालो.

"आमच्यात पुस्तक नसता," तो अभिमानाने म्हणाला. "नाटकाआधी देवळात बसतो, गोष्ट ठरवतो, इतक्याच. बाकी सगळा उभ्या उभ्या. राजा अडखळलो तर प्रधानान सांबाळूचा, प्रधान अडखळलो तर राजान. पडलेल्याक असो उचलूचो की बघणाऱ्याक वाटूक व्हया, पडना नाटकातलाच होता." मग चिकटवलेली मिशी पिळून, "माझ्या समोर आजपर्यंत कोण पडूक नाय. विचारा कोणाकय."

मी त्याच्या फुशारकीकडे लक्ष दिलं नाही. रोज अशा दहा ऐकायचो.

माझं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खोड. पहिल्याच दिवशीचा शॉट सांगतो. टेंपो सुरू झाला आहे, खंडूची बडबड चालली आहे, आणि मास्तर वैतागून त्याला सुनावतो. वाक्य होतं, 'हे बघ खंडू, माणसाने प्रवासात तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवावेत.' मी सुरुवात केली, "हे बघ खंडू, माणसाने प्रवासात..." आणि जरासा थांबलो. थांबलो म्हणजे, सांगलीच्या आठवणीचा गार वारा पाठीवरून गेला. पण मी काही करायच्या आत हा पठ्ठ्या माझ्या अंगावर झुकला.

"तुमका म्हणूचा आसा काय, प्रवासात तोंड उघडा आणि डोळे बंद! मी तसोच करतंय."

मला असा संताप आला! माझंच वाक्य उलटं करून माझ्या तोंडावर मारलं होतं. त्या संतापात मी कडाडलो, "तोंड बंद! तोंड बंद आणि डोळे उघडे!" कॅमेऱ्यामागे सगळे हसत सुटले. सायलीने दोन्ही अंगठे वर केले.

मग ते रोजचंच झालं. मी बोलतोय, हा मध्येच. 'तुमका म्हणूचा आसा काय' करून काहीतरी वेडंवाकडं फेकायचा, मी खवळायचो, आणि खवळलो की माझं वाक्य बंदुकीतून सुटल्यासारखं बाहेर यायचं. मी बायकोला फोनवर सांगितलंसुद्धा, "अगं, मी बरा झालो. एकदाही अडलो नाही. बहुतेक रागाचा गुण आहे. फक्त या माणसाचं तोंड कुणीतरी शिवायला हवं."

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. माझ्या मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ असतं. वाचनाच्या पहिल्याच दिवशी, पुण्यात, हॉलमध्ये आम्ही गोल बसलो होतो, तेव्हा लवूने वाकून मला विचारलं होतं, "घड्याळ बंद पडता काय ओ? सारखी चावी देतास."

"सवय आहे," मी तुटकपणे म्हणालो.

"मगे बरा," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हे मागतोय की काय.

फणसाच्या दिवशी संध्याकाळी मात्र माझा तोल गेला. मी सायलीला गाठलं. परवाचा सीन म्हणजे सिनेमाचा जीव होता. मुलीचं घर जवळ आलं आहे, घाटात टेंपो थांबला आहे, आणि मास्तर जन्मात पहिल्यांदा मनातलं बोलतो. पानभर भाषण, माझं एकट्याचं. त्यासाठीच मी सिनेमाला हो म्हणालो होतो. तेवढं मी धड केलं तर मी अजून नट होतो. नाही तर खरोखरच गुडघ्यांना तेल लावत बसायचं होतं.

"सायली, मी आजपर्यंत काही मागितलं नाही. पण या सीनमध्ये हा माणूस एक अक्षर बोलता कामा नये."

"सदाकाका, पण तुमची जोडी..."

"एक अक्षर नाही! मला माझं भाषण पूर्ण करू दे. एकदा तरी."

ती पेन दातात धरून विचार करत बसली. मग तिचे डोळे चमकले. "खंडू झोपलेला दाखवू. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून. मास्तर जाग्या माणसाशी बोलूच शकत नाही, झोपलेल्याशी बोलतो. काका, हे भारीच आहे!"

मी खूश होऊन खोलीवर आलो. लवूला सायलीने कळवलं तेव्हा मी दारातच होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याचा चेहरा पडलेला पाहिला.

"एकय वाक्य नाय?" त्याने विचारलं.

"नाही लवूदादा. फक्त झोपायचं."

"एक तरी द्या ओ. बारक्या चालात. नुसता हूं."

"झोपलेला माणूस हूं कसं म्हणेल?"

तो माझ्याकडे वळला. काहीतरी बोलणार होता, पण माझ्या तोंडावरचा आनंद बघून खिडकीकडे वळला. नटाची हाव, मी मनात म्हटलं. भाषण माझं, तर याला त्यातही वाटा हवा.

दुसऱ्या दिवशी शूटिंग नव्हतं. दिवसभर त्याने मला पिडलं. "भाषण वाचा." वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. जेवताना, चालताना, मी दाढी करताना.

"अरे, तुला तर झोपायचंय!"

"झोपूक पण कळाक व्हया मां, खयच्या वाक्याक घोरूचा."

सीनच्या दिवशी दुपार कलली तशी दरीतून धुकं वर यायला लागलं. सायली आकाशाकडे आणि कॅमेऱ्याकडे आलटून पालटून बघत होती. "असा उजेड परत मिळणार नाही. काका, एकच टेक मिळेल. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो.

टेंपोच्या हौद्यात आम्ही दोघे मागच्या फळकुटाला पाठ टेकून बसलो. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला बाजारातून आणलेला नवीन फणस. आमच्या पायांवर एक घोंगडी टाकली. लवूने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. त्याच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता.

"टिपणीसांनू," तो पुटपुटला.

"काय?"

"काय नाय. बोला तुमी."

"ॲक्शन," सायली हलकेच म्हणाली.

"खंडू, झोपलास?" मी म्हणालो. "बरं झालं. जाग्या माणसाशी मला बोलता येत नाही."

आवाज छान लागला होता. माझा मलाच कळला. "उभा जन्म शाळेत बोलण्यात गेला. पोरं चळचळा कापायची. पण घरी आलो की काय व्हायचं कुणास ठाऊक. चहा झाला का, पंखा बंद करा, एवढंच. सुमती गेली त्या दिवशी पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलेन म्हणून. आणि मी..."

आणि मी.

पुढे काही नव्हतं.

धुकं टेंपोच्या कडेवरून आत येत होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसत होता. पन्नास माणसं श्वास धरून उभी होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. चहावाल्याची हात पुसता पुसता थांबलेली बोटं मला दिसली. सांगलीची ती बाई दिसली. संपलं, मी मनात म्हणालो. संपलं सदानंद, पुसा रंग. घोंगडीखाली माझी बोटं घड्याळाच्या चावीवर गेली.

तिथे एक हात आधीच होता.

लवूचा हात. खरखरीत, गरम. त्याने माझं मनगट घड्याळासकट मुठीत धरलं आणि घट्ट दाबलं. त्याचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं, छाती संथ वरखाली होत होती. मग त्या झोपलेल्या माणसाच्या तोंडातून लाळेबरोबर एक शब्द गळला.

"मगे?"

सिनेमाभर ज्या शब्दाने मी मेटाकुटीला आलो होतो, तोच शब्द. झोपेत बरळल्यासारखा. मला एकदम त्याचं ते दशावताराचं बोलणं आठवलं. पडलेल्याला असा उचलायचा, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे...

हा माणूस इथे माझी वाट बघत बसला होता. मी पडणार हे याला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं?

"मगे?" मनगट आणखी दाबलं गेलं.

"मग काही नाही रे," मी म्हणालो.

हे कागदावर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांसमोर कागदावर नसलेलं बोलत होतो. "मग काही सुचलंच नाही. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. ती बघत राहिली, मी उभा राहिलो. मग ती वळून निघून गेली. तेव्हापासून मी भितो, खंडू. दारात जाऊन उभा राहीन, ती दार उघडेल, आणि परत माझ्याजवळ पुढचं वाक्य नसेल. हे मशीन कशाला आणलंय माहितेय? काही बोलता आलं नाही तर ते पुढे करता येईल म्हणून. एवढा शिकलेला माणूस, आणि मशीनच्या मागे लपायला निघालाय."

डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ग्लिसरीनचं नव्हतं. मी थांबलो. आता थांबायची भीती वाटत नव्हती. कितीही वेळ थांबलो असतो.

लवूने घोरून कूस बदलली आणि झोपेतच म्हणाला, "फणस... फणस सांबाळा."

मी हसलो. रडता रडता अगदी खळखळून हसलो, आणि त्याच्या अंगावरची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

कट म्हणायला सायली विसरली होती. कुणीतरी टाळी वाजवली तेव्हा ती धावत आली, तिला धड बोलता येत नव्हतं. "काका, हे कुठून आणलंत? लिहिलेल्यापेक्षा..." मी माझ्या खांद्याकडे बघत होतो. लवू डोळे चोळत उठून बसला.

"झाला काय? कसा झाला?"

"लवू, तू आत्ता..."

"माका झोप लागलेली ओ," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमचा भाषण काय कमी लांब?" आणि उडी मारून चहाकडे गेला. मी बाही वर केली. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची साखळी ठसठशीत उमटली होती.

त्यानंतरही मी त्याला दोनदा विचारायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने मला मासे कसे तळावेत यावर ऐकवलं. शूटिंग संपलं, पांगापांग झाली. मला वाटत राहिलं, त्या एका वेळेला त्याने मला सावरलं. देवमाणूस म्हणायचा आणि पुढे जायचं.

सिनेमा लागला तेव्हा सायलीने सावंतवाडीत गावच्या लोकांसाठी दुपारचा एक खेळ ठेवला. मी ठाण्याहून गेलो. लवू बारीक चौकड्यांचा नवा शर्ट घालून आला होता, हातात वेफर्सचं पाकीट. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसला, वेफर्स कुरकुर चावत. दिवे मंद झाले होते. त्याने पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं भराभर वाचली. "बटाटे, पाम तेल, मीठ, आमचूर पावडर. बघा, काजूगर लिवलेलो नाय, आणि चित्रात मात्र काजू."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चष्मा नव्हता. खिशातही नव्हता.

"लवू, तुझा चष्मा?"

"खयचो चष्मो?" तो म्हणाला. मग एकदम पडद्याकडे बोट दाखवून, "शू, सुरू झाला!"

पडद्यावर टेंपो निघाला. मास्तर आणि खंडू हौद्यात बसलेले. मास्तर म्हणाला, "हे बघ खंडू, माणसाने प्रवासात..." आणि मी माझा हात बघितला. एवढ्या मोठ्या पडद्यावर, हातभर लांब बोटं. उजवा हात हळूच डाव्या मनगटावर गेला, घड्याळाच्या चावीवर. त्याच क्षणी खंडूचे डोळे तिकडे गेले. पापणी लवायच्या आत तो मास्तरच्या अंगावर झुकला होता, "तुमका म्हणूचा आसा काय..."

थिएटर हसलं.

मला हसू आलं नाही. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो. पुढचा सीन, धाब्यावरचा. मास्तर बोलतोय, हात चावीवर, खंडू मध्येच. लोक हसले. पुढचा, पंक्चरचा. हात चावीवर, खंडू मध्येच, आणि त्याच्या त्या वेड्यावाकड्या बडबडीत माझ्या पुढच्या वाक्याचे शब्द, एकही न चुकता, उलटेसुलटे करून पेरलेले. मी रोज सकाळी खाटेवर बसून त्याला म्हणून दाखवलेले. शिवाय एकदाही, एकदाही माझा हात घड्याळाकडे गेल्याशिवाय तो मध्ये बोलला नव्हता. ज्या वेळी मी अडलो नाही, त्या वेळी तो मास्तरकडे तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा ऐकत बसला होता.

मी बरा झालो नव्हतो. मी रोज पडत होतो. सगळ्यांच्या देखत, दिवसातून चार चार वेळा. आणि हा माणूस मला रोज झेलत होता, असा, की सायलीला कळलं नाही, कॅमेऱ्याला कळलं नाही, मला स्वतःला कळलं नाही. त्याने माझ्या शिव्या खाल्ल्या, आगाऊ म्हणवून घेतलं, आणि माझ्या प्रत्येक खड्ड्यावर एक विनोद टाकून ठेवला. लोक जिथे जिथे हसत होते, तिथे तिथे मी पडलो होतो. सगळं थिएटर हसत होतं, बायका पदर तोंडाला लावत होत्या, म्हातारे मांड्यांवर थापा मारत होते, आणि मी अंधारात दोन्ही हात जोडून बसलो होतो. देवळात बसावं तसा. इतकं मोठं काही मी रंगभूमीवर एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

तो शेजारी वेफर्स खात होता. स्वतःच्या विनोदांवर सगळ्यात मोठ्याने हसत होता.

धुक्यातला सीन आला आणि गेला. पुढच्या रांगांतून नाक ओढल्याचे आवाज आले, मग फणसाच्या वाक्यावर टाळ्या पडल्या. नावं वर सरकायला लागली. मला आता बोलायलाच हवं होतं. दिवे लागायच्या आत, तो पुन्हा मासे सुरू करायच्या आत. मी त्याच्याकडे वळलो.

"लवू," मी म्हणालो, "तू मला..."

शब्द नव्हते. माझी बोटं आपोआप मनगटाकडे गेली.

लवूचं लक्ष पडद्यावरच होतं. त्याने मान वळवली नाही. पण त्याचा आवाज असा चढला की पुढच्या चार रांगांना ऐकू जावा.

"तुमका म्हणूचा आसा काय, ह्या लवूक भूक लागली, तेका कोणीतरी दोन बटाटेवडे घालाक व्हये! चला, चला, उठा मास्तरांनू!"

पुढच्या रांगांतली माणसं गर्रकन वळली. खंडूला ओळखून सगळी खो खो हसायला लागली. मी घड्याळ सोडलं, डोळे पुसले आणि त्याच्या मागोमाग वडे खायला निघालो.